दूधपित्या वासराला हगवण लागली तर

वासराला हगवण लागली की बहुतेक पशुपालक आधी जुलाब बांधणारे औषध शोधतात. वास्तविक पहिल्या तीन आठवड्यांतले वासरू दगावते ते बहुधा शेणावाटे निघून जाणाऱ्या पाण्यामुळे व क्षारांमुळे आणि त्यापाठोपाठ रक्तात वाढणाऱ्या आम्लतेमुळे. म्हणून ही तूट भरून काढणे हे पहिले काम; औषध कोणते, हा प्रश्न त्यानंतरचा.

तूट किती झाली आहे, हे वासरूच सांगते. स्वच्छ धुतलेले बोट त्याच्या तोंडात घालावे. ते जोराने चोखले, तर वेळ हातात आहे. चोखणे मंदावले असेल किंवा तोंड आतून गार लागत असेल, तर आजार पुढे गेला आहे. मानेची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर ती लगेच सपाट व्हायला हवी. दोन सेकंदांहून अधिक काळ उभी राहिली किंवा डोळे खोल गेलेले दिसले, तर शरीरातले पाणी बरेच कमी झालेले असते. ताप मात्र कानाला हात लावून ठरवू नये, गुदद्वारात थर्मामीटर लावूनच पाहावा. निरोगी वासराचे तापमान साधारण 38.5 ते 39.5 अंश सेल्सिअस असते, आणि ते 38 च्या खाली घसरणे हे तापाइतकेच, किंबहुना अधिक, चिंतेचे लक्षण आहे.

वासरू उभे राहत असेल व चोखत असेल, तर पशुवैद्यकाची वाट पाहत बसण्याआधीच क्षारमिश्रण सुरू करावे. वासरांसाठी मिळणारी पावडर पाकिटावर लिहिलेल्या मापानेच कोमट पाण्यात कालवावी. ती घट्ट केल्याने गुण लवकर येत नाही, उलट अपाय होतो. 40 किलोच्या वासराच्या शरीरातून वजनाच्या 8 टक्के पाणी गेले असेल, तर केवळ मागची तूटच 3.2 लिटर होते, आणि दिवसभर चालू राहणारे जुलाब व नेहमीची गरज त्याहून वेगळी. त्यामुळे एक-दोन वाट्या पाजून भागत नाही; दर वेळी दीड ते दोन लिटर, असे दिवसातून दोन-तीन वेळा द्यावे लागते. वासरांची पावडर हाताशी नसेल, तर माणसांसाठीचे ओआरएस तात्पुरते चालते.

दूध बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो मानू नये. क्षारमिश्रणातून पाणी मिळते, पुरेशी ऊर्जा मिळत नाही, आणि दूध तोडलेले वासरू उपासमारीने अधिकच खंगते. दूध थोडे थोडे, अधिक वेळा पाजावे व दूध आणि क्षारमिश्रण यांत सुमारे दोन तासांचे अंतर ठेवावे, कारण काही मिश्रणांतील सोड्यामुळे पोटात दूध नीट विरजत नाही.

न चोखणाऱ्या वासराच्या तोंडात बाटली कोंबून द्रव ओतू नये. तो श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होतो. अशा वासराला, तसेच उठता न येणाऱ्या, अंग गार पडलेल्या किंवा शेणात रक्त दिसणाऱ्या वासराला पशुवैद्यकाकडून शिरेवाटे सलाईन मिळणे आवश्यक असते. ते येईपर्यंत वासराला कोरड्या जागी छातीवर बसते करून, पोत्यांनी झाकून ऊब द्यावी. बेंबी सुजलेली, गरम किंवा दुखरी आहे का, हेही त्याच वेळी पाहून ठेवावे.

प्रतिजैविके स्वतःच्या मनाने देऊ नयेत. पहिल्या तीन-चार दिवसांतली हगवण बहुधा ई. कोलाय जिवाणूंची असते. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यापर्यंत रोटा व कोरोना विषाणू आणि क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी अधिक आढळतात, आणि त्यांच्यावर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. म्हशीच्या रेडकांत आईच्या दुधातून आलेले गोलकृमीही कारण असू शकतात. वासराचे नेमके वय सांगितल्यास पशुवैद्यकाचे निदान सोपे होते.

आजारी वासरू लगेच वेगळे बांधावे आणि निरोगी वासरांना आधी पाजून मगच त्याच्याकडे जावे. त्याची बादली व बाटली इतरांसाठी वापरू नये आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण क्रिप्टोस्पोरिडियम माणसालाही बाधतो. नेहमीची बरीच जंतुनाशके त्याला दाद देत नाहीत. शेण खरवडून काढणे, उकळते पाणी ओतणे आणि जागा पूर्ण वाळू देणे अधिक कामी येते.