डेफ लेपर्डसारखा भिंतीएवढा कोरस कसा उभा करायचा

इंग्लंडमधल्या शेफील्डच्या डेफ लेपर्ड या रॉक बँडला 1983 च्या 'पायरोमेनिया' अल्बमने अमेरिकेत मोठं केलं, 1987 च्या 'हिस्टेरिया'ने थेट शिखरावर नेलं. दोन्हींचा निर्माता मट लँग. कोरसमध्ये, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या मुख्य भागात, आवाजांवर आवाज चढवत नेणं हे त्याचं खरं बळ, आणि घरी एका माइकवरही ते जमतं.

आधी मुख्य चाल पक्की करा. तिच्यावर एक वरचा आणि एक खालचा सूर बसवा, तिन्ही मिळून त्या जागेचा कॉर्ड (एकत्र वाजणारे जुळते सूर) व्हायला हवा. या तिन्हींपैकी प्रत्येक चारदा गाऊन वेगवेगळं रेकॉर्ड करा, म्हणजे 12 ट्रॅक. दर वेळी नव्यानेच गायचं! कॉपी केलेला ट्रॅक फक्त मोठा वाजतो, रुंद होत नाही. वेळेत जरा मागेपुढे सरकवला तर आवाज पोकळ होतो. रुंदी येते ती सुरातल्या आणि वेळेतल्या बारीक फरकांमुळे.

मुख्य चाल माइकपासून 15 सेंमीवर, बाकीचे थर अर्ध्या मीटरवरून. सूर सरळ धरा, कंप नको.

सगळ्यात जास्त बिघडतं ते शब्दांच्या शेवटाला. 'रात' मधला 'त' बारा जणांनी म्हटला की टपटप ऐकू येते. तो फक्त मुख्य ट्रॅकमध्ये उच्चारा, इतरांनी 'रा' वरच थांबायचं. 'स' चंही तसंच.

मिक्समध्ये थरांचा 150 हर्ट्झखालचा भाग कापा, त्यांच्या जोड्या करून एक डावीकडे, एक उजवीकडे अशा पसरवा, मुख्य चाल मधोमध ठेवा.