घरी कर्कश, बँडमध्ये गायब : गिटार अ‍ॅम्प किती वॉटचा घ्यावा (माझा अनुभव)

लक्षण असं: 20 वॉटचा, 8 इंची स्पीकरचा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प. नागपुरातल्या फ्लॅटमध्ये व्हॉल्यूम 2 च्या वर नेता येत नाही, आणि रियाजाच्या खोलीत ड्रम सुरू झाले की गिटार ऐकूच येत नाही.

गेन (गिटारचा सिग्नल आत येतानाच वाढवणारं बटण) वाढवला, सिग्नल आणखी जोरदार करणारं बूस्ट पेडल लावलं. आवाज फक्त फाटला. दोन महिने डोकं खाल्लं या प्रकाराने.

मूळ कारण: वॉट दुप्पट केले तर जेमतेम 3 डेसिबल वाढतात. दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. म्हणून 100 वॉटच्या मागे लागू नका, आधी स्पीकर बघा.

उपाय, याच क्रमाने. 50 वॉटचा, 12 इंची स्पीकरचा अ‍ॅम्प घेतला, पॉवर अर्ध्या वॉटपर्यंत उतरवता येणारा. (व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणारा, असेल तर ड्रमसोबत 15 ते 20 वॉटही पुरतात.) मग अ‍ॅम्प जमिनीवरून उचलून खुर्चीवर, कानाच्या दिशेने तिरपा ठेवला. गेन 7 वरून 4 वर, बास (खालचे सूर) 3, मिड (मधले सूर) 7. मिड कमी असेल तर झांजा आणि बास गिटार यांच्यामध्ये गिटार हरवते. सगळ्यात जास्त फरक इथेच पडला. मास्टर व्हॉल्यूम (एकूण आवाज) शेवटी, ड्रम वाजत असतानाच लावायचा.

घरी अर्धा वॉट भरपूर होतो. उन्हाळ्यात मात्र कूलर आणि अ‍ॅम्प एकाच बोर्डावर लावू नका, खरखर येते.

व्हॉल्व्ह अ‍ॅम्प स्पीकर न जोडता कधीच चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.