ओटोलिथवर काम सुरू करताय? आधी वलयं वाचा

मत्स्यजीवशास्त्रात नव्याने येणाऱ्यांना ओटोलिथचं, म्हणजे माशाच्या आतल्या कानातल्या खड्याचं, रसायनशास्त्र फार खुणावतं. गाभ्यापासून कडेपर्यंत लेझर फिरवायचा, स्ट्रॉन्शियम-बेरियमचं कॅल्शियमशी प्रमाण काढायचं आणि मासा गोड्या पाण्यातून समुद्रात कधी गेला ते सांगायचं. काम भारीच आहे. पण त्या आलेखावरचा कुठला बिंदू माशाच्या कुठल्या वयाचा, हे खड्याच्या वाढीच्या वलयांवरूनच कळतं. म्हणून सुरुवातीला नुसती वलयं वाचा. कंटाळा येईल, पण इलाज नाही.

कानाचं हाड म्हणत असले तरी हे हाड नव्हे. अ‍ॅरॅगोनाइट रूपातलं कॅल्शियम कार्बोनेट आणि थोडं प्रथिन यांचा थरावर थर चढत गेलेला हा खडा. उपासमारीत खवले झिजतात, शरीर त्यातलं कॅल्शियम परत घेतं. ओटोलिथवर एकदा बसलेला थर सहसा तसाच राहतो. सगळी मदार यावरच. आतल्या कानात खड्यांच्या तीन जोड्या असतात. बहुतेक माशांत सॅजिटा सर्वांत मोठा, म्हणून वयासाठी तोच घेतात. कार्प आणि कॅटफिशमध्ये तो बारीक काडीसारखा असतो, तिथे दुसरी जोडी बघायची. शार्क आणि पाकटांत असे खडेच नसतात. त्यांचे मणके कापतात.

खडा काढला की त्यावरचा पडदा ओला असतानाच सोडवा, वाळला की चिकटून बसतो. मग कोरडा करून कुपीत ठेवा. फॉर्मॅलिनमध्ये ठेवू नका. ते हळूहळू आम्लधर्मी होतं आणि खड्याच्या कडा विरघळतात.

पुढचं काम हाताचं. इपॉक्सीत (घट्ट होणाऱ्या राळेत) बसवून, हिऱ्याच्या पात्याच्या सावकाश फिरणाऱ्या करवतीने गाभ्यातून पातळ काप काढायचा आणि घासायचा. पिल्लांची दैनंदिन वलयं मोजायची असतील (जॉर्जो पॅनेला यांनी ती 1971 मध्ये दाखवून दिली) तर दर चार-दोन घासांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघा. गाभा ओलांडला की नमुना गेला.

प्रकाशाची दिशा वहीत लिहून ठेवा. काळ्या पार्श्वभूमीवर वरून उजेड टाकला की अपारदर्शक पट्टा पांढरा दिसतो. उजेड खालून सोडला की तोच काळा. वलयं वाचणाऱ्या दोघांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा कधीकधी भांडण एवढंच असतं. वाचताना माशाची लांबी झाकून ठेवा. मासा मोठा आहे हे माहीत असलं की डोळ्यांना जास्त वलयं दिसायला लागतात, आणि हे भल्याभल्यांचं होतं.

आणि एक वलय म्हणजे एक वर्ष, हे गृहीत धरू नका. त्या प्रजातीत ते सिद्ध करावं लागतं. जिवंत माशाला ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक देऊन सोडतात, त्याची ओटोलिथवर खूण उमटते. मासा पुन्हा सापडला की अतिनील प्रकाशात चमकणाऱ्या त्या खुणेनंतर किती वलयं चढली ते मोजतात. दीर्घायुषी माशांत 1950-60च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी वाढलेला किरणोत्सारी कार्बन-14 थराचं वर्ष ताडून बघायला कामी येतो. हा खटाटोप कशाला? ऑरेंज रफी शंभराहून जास्त वर्षं जगतो. असा मासा झपाट्याने वाढतो असं धरून पकडीचा कोटा ठरवला, तर साठा खचतो आणि भरून यायला पिढ्या जातात.

लॅब निवडताना दोन गोष्टी विचारा: वय खात्रीने ठाऊक असलेल्या नमुन्यांचा संदर्भसंच आहे का, आणि एखाद्या कापावर ‘वाचता येत नाही’ असा शेरा मारलेला चालतो का. दुसऱ्या प्रश्नावर कपाळाला आठ्या पडल्या, तर दुसरी लॅब बघा.