खग्रास ग्रहणाचे फोटो काढताना या चुका टाळा

२ ऑगस्ट २०२७ला इजिप्तमधल्या लक्झरजवळ सूर्य सहा मिनिटांहून जास्त वेळ पूर्ण झाकला जाणार आहे. आपल्याकडे तेच ग्रहण खंडग्रास, तेही भर पावसाळ्यात. त्यामुळे बरेच जण आत्तापासून तिकिटं बघतायत. तिकिटाआधी फिल्टर बघा.

सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. जुनी एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच हे सगळं माळ्यावरच राहू द्या. उजेड कमी झाल्यासारखा वाटतो, पण अवरक्त किरण आत येऊ शकतात, आणि डोळ्याचा पडदा भाजला तरी दुखत नाही. ग्रहणचष्मा घालून व्ह्यूफाइंडरला डोळा लावणं हीसुद्धा तशीच चूक. लेन्स ऊन एकवटते, चष्मा तेवढ्यासाठी बनवलेला नसतो. सौर फिल्टर लेन्सच्या तोंडावरच हवा.

तो काढायचा कधी? फक्त खग्रास असताना. २६ डिसेंबर २०१९ला कासरगोडजवळ चंद्राभोवती सूर्याचं पूर्ण कंकण दिसू लागलं आणि शेजारचे काका लगेच फिल्टर काढायला सरसावले. "अहो काका, थांबा, हे कंकणाकृती आहे!" कंकणात सूर्याची कडा उघडीच असते, फिल्टर शेवटपर्यंत हलवायचा नाही. खग्रासात उलटं: फिल्टर राहिला की फोटो काळाकुट्ट, कारण प्रभामंडल, म्हणजे झाकलेल्या सूर्याभोवती दिसणारं तेजोवलय, जेमतेम पौर्णिमेच्या चंद्राएवढं उजळ असतं. डोळ्यांवरचा चष्मा मात्र हिऱ्याची अंगठी, म्हणजे कडेवरचा सूर्याचा शेवटचा झगझगीत ठिपका, विझल्यावरच उतरवा, आणि दुसऱ्या बाजूला हिरा चमकायच्या आत चढवा.

एक्स्पोजर ऑटोवर नको. आतलं प्रभामंडल १/१००० सेकंदात येतं, बाहेरचे पिसारे यायला एक सेकंदही लागतो, म्हणून ब्रॅकेटिंग करा, म्हणजे वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो पाठोपाठ काढा. फोकसची रिंग टोकापर्यंत फिरवून मोकळे होऊ नका, बऱ्याच लेन्स अनंताच्या, म्हणजे खूप दूरच्या वस्तूंच्या फोकसच्याही पुढे जातात. फिल्टर लावून लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर) सूर्याची कडा मोठी करा, जुळवा, चिकटपट्टी लावा. उन्हाने लेन्स तापली की पुन्हा बघा.

आणि एक गोष्ट फार कुणी सांगत नाही. लक्झरला तेव्हा दुपारचा एक वाजलेला असेल, सूर्य ८२ अंशांवर, म्हणजे जवळपास डोक्यावर. लेन्स सरळ वर, स्क्रीन जमिनीकडे, ट्रायपॉडचे पाय मध्ये. मे महिन्यात पुण्या-मुंबईला शून्य सावली असते, म्हणजे सूर्य अगदी डोक्यावर येतो, त्या दुपारी गच्चीवर सगळं मांडून बघा. स्क्रीन बाहेर वळत नसेल, तर चटईवर आडवं व्हायचं की नाही, हे तिथेच कळेल.