सासरचे पाहुणे राहायला येतात तेव्हा : या चुका टाळा

पुण्यात घर असलेल्यांकडे सासरची मंडळी या ना त्या कारणाने उतरतातच. कोणाच्या मुलाचा प्रवेश असतो, कोणाच्या डोळ्यांचे ऑपरेशन असते, तर कोणाला आळंदी-जेजुरी करायची असते. माझ्या लग्नाला ३१ वर्षे झाली आणि त्यांपैकी २४ वर्षे आम्ही एकच बाथरूम असलेल्या फ्लॅटमध्ये काढली आहेत. त्यामुळे दुसऱ्याची गैरसोय ज्यांच्या ध्यानातच येत नाही अशा पाहुण्यांचा मला पुरेसा अनुभव आहे. त्याहून अधिक अनुभव आहे तो अशा पाहुण्यांसमोर हतबल होऊन मला दुपारी फोन करणाऱ्या भाचेसुनांचा आणि शेजारच्या नव्या सुनांचा. त्यांच्या तक्रारी वेगवेगळ्या असतात, पण चुका ठरलेल्या असतात, आणि त्यांतल्या बहुतेक पाहुण्यांच्या नसून यजमानांच्या असतात, हे त्यांना ऐकायला आवडत नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. सासू-सासरे मुलाकडे राहायला येतात तेव्हा ते पाहुणे नसतात आणि पुढचे काहीही त्यांना उद्देशून नाही. मी बोलते आहे ती नणंदेचे यजमान, आतेसासूबाई, मामेसासरे, चुलतदीर अशा, मान पूर्ण पण जबाबदारी शून्य असलेल्या नात्यांबद्दल.

परतीची तारीख न विचारणे

ही पहिली चूक पाहुणा घरात येण्यापूर्वी, फोनवरच होते. “चार दिवस येतोय” असे पलीकडून सांगितले जाते आणि अलीकडून “या ना, या” असे म्हटले जाते. मराठीत चार दिवस म्हणजे चार दिवस नव्हेत. ‘सासूचे चार दिवस’ जितके लांबतात तितकेच हेही लांबतात. ‘एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई’ ही म्हण ज्यांनी रचली त्यांनाही हा ताप झालाच असणार, परंतु पाहुण्याच्या अकलेवर विसंबून राहण्यात अर्थ नाही.

माझी सवय अशी आहे की “किती वाजता पोहोचता, न्यायला कोणाला पाठवू” हे विचारताना त्याच श्वासात “आणि परतीचे तिकीट कोणत्या तारखेचे आहे” हेही मी विचारते. निराळा फोन करून विचारले की तो प्रश्न टोचतो. गाडीच्या वेळेबरोबर विचारला की तो काळजीचा वाटतो. तारीख कळली की स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या चौकटीभोवती मी लाल पेनाने गोल काढते. “अजून तिकीट काढलेले नाही, बघू” असे उत्तर आले तर आमचे हे लगेच “मी काढून ठेवतो, तारीख सांगा” असे म्हणतात. रेल्वेचे आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी मिळत असे, ते नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसांवर आले आहे. तरीही येण्याआधी जाण्याचे तिकीट काढायला तेवढी मुदत पुष्कळ आहे. सुट्ट्यांच्या दिवसांत आयत्या वेळी तिकीट मिळत नाही आणि “आरक्षणच मिळत नाही हो, काय करणार” हे वाक्य पाहुण्याच्या तोंडून ऐकण्याची पाळी येते. त्यावर आपल्याजवळ काहीही उत्तर नसते.

लेकी बोले, सुने लागे

ही माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी चूक आहे आणि ती मी स्वतः सव्वीस दिवस केलेली आहे.

सुमारे दहा वर्षांपूर्वी, माझ्या मुलीच्या दहावीच्या वर्षी, ऐन फेब्रुवारीत माझ्या नणंदेचे यजमान अकोल्याहून एका सरकारी कामासाठी एकटेच आमच्याकडे आले. परतीची तारीख मी विचारली नव्हती, कारण घरच्या जावयाला असे काही विचारणे तेव्हा मला जमत नसे. भाऊजी माणूस म्हणून वाईट नव्हेत. परंतु पहाटे साडेपाच वाजता दिवाणावर बसून मोबाइलवरचे व्हिडिओ मोठ्या आवाजात लावायचे, तेही त्याच दिवाणखान्यात जिथे मुलगी गणिते सोडवत बसलेली असे. सहाच्या सुमारास ते बाथरूममध्ये शिरत आणि पाऊण तासाने बाहेर येत. आमचा गीझर १५ लिटरचा आहे. एकदा रिकामा झाला की पाणी पुन्हा तापायला पंधरा-वीस मिनिटे लागतात, आणि मुलीचा क्लास सातला सुरू होत असे.

मी भाऊजींना काहीही बोलले नाही. भीड ही भिकेची बहीण असते हे पाठ होते, तरी तोंड उघडले नाही. त्याऐवजी मी आपल्या बायकांच्या पिढीजात शहाणपणाचा आधार घेतला. भाऊजी चहा पीत बसलेले असताना मुलीकडे पाहून मोठ्याने म्हणायचे, “गरम पाणी जरा जपून वापरत जा गं, घरात चार माणसे आहेत.” कधी म्हणायचे, “मोबाइलचा आवाज कमी ठेवावा, शेजारी झोपलेले असतात.” मला वाटे की समोरचा माणूस सुज्ञ आहे, त्याला आपोआप उमजेल.

सतराव्या का अठराव्या दिवशी मुलगी ओले केस पुसत स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि रडायलाच लागली. “आई, तू रोज मला का बोलतेस? मी आठ दिवस गार पाण्याने आंघोळ करतेय.” मी निरुत्तर झाले. तेवढ्यात दिवाणखान्यातून, वर्तमानपत्राच्या आडून, भाऊजींचा आवाज आला, “वहिनी, बरोबर बोलता तुम्ही. आजकालच्या पोरांना पाण्याची किंमतच नाही.”

त्या क्षणी मला कळले की तिरके बोलणे ज्याला उमजते तो माणूस मुळात असा वागतच नाही, आणि जो असा वागतो त्याला ते उमजत नाही. दोहोंच्या मध्ये उभ्या असलेल्या लेकराला मात्र ते पुरेपूर लागते.

यावर मी जे केले तेही सुरुवातीला चूकच होते. रात्री मी ह्यांच्याशी भांडले आणि त्यांनी “ताईच्या घरात वाद नको, तू सांभाळून घे” हे आमच्या घराण्यातले सर्वांत जुने वाक्य उच्चारले. आणखी एक आठवडा तसाच गेला. अखेर परीक्षा तोंडावर आली तेव्हा एका संध्याकाळी हे भाऊजींबरोबर कोपऱ्यापर्यंत फिरायला गेले आणि त्यांनी सरळ सांगितले, “भाऊजी, सहा ते सात बाथरूम मुलीला लागते. तुम्ही तिच्या आधी उरका किंवा सातनंतर जा. आणि सकाळी मोबाइल बंद ठेवा, तिचा अभ्यास असतो.” सगळे बोलणे चार मिनिटांत संपले. भाऊजींनी रागावणे तर सोडाच, उलट विचारले, “अहो, मग हे आधी का नाही सांगितले? मला वाटले, माझी आंघोळ झाल्याशिवाय तुमच्याकडे कोणी जात नाही.”

त्यांना तसे वाटण्यात नवल नव्हते. माझ्या सासूबाई होत्या तोपर्यंत गावाकडच्या घरी बंबातले पहिले कढत पाणी काढून “जावईबापू, पाणी काढले आहे” अशी हाक मारण्याची पद्धत होती आणि त्यांची आंघोळ आटोपल्यावरच बाकीची मंडळी न्हाणीकडे वळत. ‘कन्याराशिस्थितो नित्यं जामाता दशमो ग्रहः’ हे सुभाषित आपण हसत हसत म्हणतो, अधिक महिना आला की ३३ अनारसे मोजून जावयाच्या ताटात ठेवतो, आणि मग हा ग्रह वक्री का चालतो म्हणून कपाळाला हात लावतो. भाऊजींनी दुसऱ्या दिवसापासून सातनंतर आंघोळ केली. मोबाइल दोन दिवस बंद राहिला, तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झाला, तेव्हा मी स्वतः जाऊन “भाऊजी, आवाज” एवढेच म्हटले. एकदा वाट मोकळी झाली की दोन शब्द पुरतात.

तेव्हापासून माझा नियम असा आहे की घरातल्या वेळा पहिल्या संध्याकाळी, चहाबरोबर, सर्वांसमोर सांगायच्या. पाणी किती वाजता जाते, बाथरूम कोणाला कधी लागते, दिवा किती वाजता मालवतो, हे त्या वेळी सांगितले तर ती माहिती असते. पाचव्या दिवशी सांगितले तर ती तक्रार होते, आणि पंधराव्या दिवशी सांगितले तर भांडण.

परक्या तोंडाने बोलणे

ज्याचे नाते, त्याने बोलावे. नवऱ्याच्या बहिणीच्या यजमानांना सुनेने चार गोष्टी सुनावल्या की विषय पाण्याचा उरत नाही, तो ‘वहिनींना आमचे येणे खपत नाही’ असा होऊन अकोल्यापासून साताऱ्यापर्यंत पोहोचतो. हेच शब्द भावाने उच्चारले तर ते घरातले बोलणे ठरते. हाच न्याय उलटाही लावावा : माझा भाऊ आमच्याकडे येऊन ओला टॉवेल पलंगावर टाकत असेल तर ह्यांनी कशाला बोलावे? ते माझे काम आहे आणि मी ते करते.

लग्न होऊन सहा महिने झालेल्या मुली मला विचारतात, “काकू, असे एक वाक्य सांगा की ते ऐकून पाहुणे परवा जातील.” असे वाक्य नसते. ज्या घरात अजून तुमच्या हातच्या पोळीची कोणाला सवय झालेली नाही, तिथे तुमच्या शब्दाला वजन यायला वेळ लागतो. तोवर नवऱ्याला पुढे करणे हाच मार्ग आहे, आणि तो “मला मध्ये ओढू नकोस” म्हणत असेल तर तुमची खरी अडचण पाहुणा नव्हे. तिची सोडवणूक पाहुणा गेल्यावर सवडीने करावी.

खोटी सबब

घाई झालेल्या माणसांचा हा आवडता आडमार्ग आहे. ठाण्याच्या माझ्या एका ओळखीच्या बाईंनी तीन आठवडे मुक्काम ठोकलेल्या आतेसासूबाईंना हलवण्यासाठी “आम्ही शुक्रवारी महाबळेश्वरला चाललो आहोत” असे सांगून टाकले. त्यावर आतेसासूबाई म्हणाल्या, “बरे झाले, माझेही महाबळेश्वर राहिलेच होते.” दिवस मे महिन्याचे होते. या मंडळींना हंगामाच्या चढ्या भावाने खोली घेऊन, आतेसासूबाईंना गाडीत पुढच्या सीटवर बसवून, खरोखरच महाबळेश्वर करावे लागले आणि तीन दिवसांनी त्या सर्वांबरोबर पुन्हा ठाण्यालाच परतल्या. जाण्याचे सामान आणि येण्याचे सामान यांत फरक इतकाच, की परतताना स्ट्रॉबेरी जॅमच्या चार बाटल्या अधिक होत्या. खोटे पकडले गेले तर नाते तुटते आणि पकडले गेले नाही तर खर्च होतो.

काही किरकोळ, पण नेहमीच्या

पहिल्या रात्री भिडेपोटी स्वतःची खोली देऊ नये. पहिल्या रात्रीची व्यवस्था हीच शेवटच्या रात्रीपर्यंत टिकते.

मुलांकरवी निरोप पाठवू नयेत. मुले निरोप जसाच्या तसा, तुमच्या आवाजासकट पोहोचवतात.

व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर सुविचार ठेवून टोमणे मारू नयेत. ज्याच्यासाठी तो असतो तोच त्याला खाली हात जोडलेले चित्र पाठवतो.

“आमच्याकडे आमटीत गूळ घालत नाहीत” हे ऐकून रुसू नये. ही बहुधा बेफिकिरी नसते, घरच्या चवीची आठवण असते. मी पळी पुढे करते आणि “उद्याची आमटी तुमच्या पद्धतीने होऊ द्या” असे सांगते. मात्र माहेरच्या माणसांविषयी कोणी वावगे बोलले किंवा कपाटातल्या कागदांना हात लावला, तर पहिल्या खेपेलाच, नाते न पाहता थांबवावे.

मनात नसताना “राहा की अजून दोन दिवस” म्हणू नये. हा आग्रह आपल्याकडे इतका सवयीचा झाला आहे की तो निघताना तोंडातून आपोआप बाहेर पडतो, आणि दर दहा पाहुण्यांत एक जण असा निघतो की जो बॅग खाली ठेवतो. मी त्याऐवजी “आता दिवाळीनंतर सवडीने या” असे म्हणते. त्यात आमंत्रण आहे आणि अंतरही आहे.

पाहुणे येऊन बसलेच असतील तर

वरचे सारे वाचून “आमच्याकडे बारावा दिवस आहे, आता काय करू” असे विचारणाऱ्यांनी मागच्या बारा दिवसांचा हिशेब काढत बसू नये. गॅसचा सिलिंडर लवकर संपला, साखर दुप्पट लागली, हे सर्व खरे असले तरी ते आता बोलून उपयोग नाही. ज्याचे नाते आहे त्याने पाहुण्यांना घराबाहेर, फिरायला म्हणून न्यावे आणि काम कुठवर आले आहे ते विचारावे. काम झाले असेल तर तिकिटाची तारीख तिथेच, रस्त्यात उभे राहून, मोबाइलवर पाहावी. घरी येऊन पाहू म्हटले की चहा येतो, चहाबरोबर मालिका सुरू होते आणि तारीख राहून जाते.

तारीख ठरली की आमच्याकडे पुढचे काम माझे असते. आदल्या दिवशी सकाळी मी शेंगदाणे भाजायला घेते, दशम्यांसाठी दूध वेगळे काढून ठेवते, आणि पाहुणे ऐकतील अशा बेताने दिवाणखान्याच्या दारात येऊन विचारते, “दशम्या एका वेळच्या बांधू की दोन वेळच्या?” अजूनपर्यंत प्रत्येकाने आकडाच सांगितला आहे. भाऊजी नेहमी दोन वेळच्या सांगतात, आणि चटणी जरा जास्त.