पंचवटी पायी फिरायचीय? मग असं जा

सकाळी सहा-साडेसहाला निघा, उन्हाच्या आणि गर्दीच्या आधी, आणि गाडी लांबच लावा कारण आतल्या गल्ल्या फार अरुंद आहेत. सुरुवात काळारामापासून करा. काळ्या दगडाचं देखणं मंदिर आहेच, पण नुसतं दर्शन घेऊन निघू नका, दारापाशी दोन मिनिटं थांबा, याच दारात २ मार्च १९३० ला बाबासाहेबांनी प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू केला आणि तो पुढे काही वर्षं चालला. मला तरी तिथे दरवेळी गप्पच व्हायला होतं.

शेजारीच सीतागुंफा आणि जुने वड आहेत, गुंफेत वाकून जावं लागतं, गुडघे दुखत असतील तर राहू द्या.

मग उतरत कपालेश्वराला या, महादेवाचं मंदिर पण समोर नंदी नाही, नीट बघा. पायऱ्या उतरलात की रामकुंड. घाटावर शेवाळ असतं, चप्पल घसरते, जपून. तिथून दुतोंड्या मारुती, पावसाळ्यात पाणी त्याच्या कुठपर्यंत आलंय यावरून नाशिककर गोदेचा पूर मोजतात. शेवटी नारोशंकराचं मंदिर, १७४७ चं, वर वसईच्या मोहिमेतून आणलेली मोठी घंटा आहे. पुरात मात्र घाटावर उतरायचंच नाही.