या चुका टाळा: ‘एव्हरीवन’ म्हणजे ‘सगळे’ नव्हे

‘एव्हरीवन आर प्रेझेंट.’ लातूरच्या क्लासपासून नांदेडच्या अभ्यासिकेपर्यंत हे वाक्य रोज कुणाच्या तरी वहीत असतं. चुकीचं मूळ शब्दार्थांच्या यादीत आहे. तिथं ‘एव्हरीवन’समोर ‘सगळे’ लिहिलेलं असतं, आणि ‘सगळे’ म्हटलं की मराठी कानाला ‘आले आहेत’च हवं असतं. यादीत ‘प्रत्येक जण’ लिहा. ‘प्रत्येक जण आला आहे’ हे आपण घरी बरोबरच बोलतो, त्यावरून ‘एव्हरीवन हॅज कम’ सहज सुचतं. ‘समबडी’ म्हणजे कुणीतरी, ‘नोबडी’ म्हणजे कुणीच नाही, ‘एव्हरीथिंग’ म्हणजे प्रत्येक गोष्ट. एव्हरी, सम, एनी, नो यांना वन, बडी किंवा थिंग जोडून झालेली सर्वनामं एकवचनीच. वर्गात साठ लेकरं बसली असली तरी ‘एव्हरीवन इज’.

आता ती ‘ट्रिक’. ‘ऑफच्या पुढचं नाम बघा आणि तसं क्रियापद टाका’ ही ओळ एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरत जाते आणि ऐन भरतीत गुण खाते. अर्धी खरी असल्यामुळेच ती इतकी टिकून आहे. सम, एनी, नन, ऑल, मोस्ट या पाच शब्दांना ती लागू पडते. ‘मोस्ट ऑफ द फार्मर्स हॅव सोल्ड देअर सोयाबीन’, कारण शेतकरी मोजता येतात. ‘मोस्ट ऑफ द सोयाबीन हॅज बीन सोल्ड’, कारण इथं सोयाबीन म्हणजे ढीग. ‘इन २०१६, सम ऑफ लातूर्स वॉटर वॉज ब्रॉट फ्रॉम मिरज बाय ट्रेन’, कारण पाणी मोजत नाहीत, मापतात.

असे दहा-बारा प्रश्न बरोबर आले की ट्रिकवर भरवसा बसतो. मग पेपरात येतं: ‘वन ऑफ द पंप्स’, रिकामी जागा, ‘नॉट वर्किंग’. ‘पंप्स’ दिसतं, ‘आर’ भरलं जातं, गुण जातात. बंद पडलेला पंप तर एकच आहे! वन, ईच, आयदर, नीदर यांच्यानंतर ‘ऑफ’ आलं की पुढचं नाम अनेकवचनीच असतं. म्हणजे या चार शब्दांना ट्रिक लावणारा दर वेळी चुकणार.

मराठीत ‘शेतकऱ्यांपैकी एक जण आला’ म्हणताना ‘एक जण’ क्रियापदाला चिकटून असतो. इंग्रजीत ‘वन’ मागं राहतो आणि ‘फार्मर्स’ क्रियापदाशेजारी येऊन बसतात. आपला कान शेजारच्या शब्दाचं ऐकतो. म्हणून पेन्सिल घ्या, ‘ऑफ’पासून नामापर्यंतचा तुकडा कंसात टाका आणि उरलेलं वाचा: ‘वन इज नॉट वर्किंग.’ कर्ता त्या पाच शब्दांपैकी असेल तरच कंसातलं नाम पाहा. निदान पंधरा दिवस प्रत्येक वाक्याला हे करा. ज्यांना एवढाही दम निघत नाही, तेच परीक्षेच्या आदल्या रात्री नवी ट्रिक शोधत बसतात.

बोथ, फ्यू, मेनी, सेव्हरल अनेकवचनी. पण ‘मेनी अ स्टुडंट हॅज फेल्ड’. तिथं ‘अ’ आहे.

‘डझ एव्हरीवन नोज?’ चूक. एकवचनाचा ‘एस’ ‘डझ’मध्ये आलाच आहे. ‘डझ एव्हरीवन नो?’

‘नन ऑफ द मनी वॉज’ हे पक्कं. ‘नन ऑफ द बॉईज’पुढं ‘हॅज’ आणि ‘हॅव’ दोन्ही शुद्ध. औपचारिक लिखाणात ‘हॅज’ला अजून पसंती आहे. ‘हॅव’ दिसताच लाल शाई मारू नका.

‘नीदर ऑफ द रोड्स इज’ आणि ‘नीदर द सरपंच नॉर द मेंबर्स आर’ यांची गल्लत फार होते. दुसऱ्या वाक्यात क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे, म्हणजे ‘मेंबर्स’प्रमाणे चालतं.

कंस एका ठिकाणी मात्र फसवतो. ‘ही इज वन ऑफ द बॉईज हू प्ले कबड्डी’ यात ‘हू’ त्या सगळ्या मुलांसाठी आहे, म्हणून ‘प्ले’. ‘वन’च्या आधी ‘द ओन्ली’ आलं की खेळणारा एकटाच उरतो, आणि ‘प्लेज’ होतं.